उसाच्या फडातून घाटमाथ्याकडे

राहुरी तालुक्यात अभयारण्याची कमान कुठेही उभी नाही. तिकिटाची खिडकी नाही, जिप्सी नाही, पहाटेच्या सफारीची नोंदणी नाही. तरीही राहुरीतून सायकल बाहेर काढली आणि गावाबाहेर जाणारा कुठलाही डांबरी रस्ता धरला, की अर्ध्या तासात ती रानातल्या जनावरांच्या हद्दीत शिरलेली असते. उसात बिबट्या, माळावर लांडगा आणि खोकड, डोंगराच्या कपारीत तरस, धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारी बदके ज्या रस्त्यांच्या आजूबाजूला राहतात, तेच इथल्या सायकलस्वारांचे रोजचे रस्ते आहेत.

सायकलवरून रान पाहण्याच्या नामांकित जागा जगात आहेत. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात, अवघ्या 29 चौरस किलोमीटरांत, पाहुणे भाड्याच्या सायकलींवरून पाणपक्षी बघत फिरतात. नेदरलँड्समधल्या होगे फेलुवे राष्ट्रीय उद्यानात सुमारे 1,800 पांढऱ्या सायकली पाहुण्यांसाठी मोफत ठेवलेल्या असतात. दोन्ही ठिकाणी रानाला कुंपण आहे, आतले आणि बाहेरचे ठरलेले आहे. राहुरीत अशी रेघ ओढलेली नाही. त्यामुळे इथे मार्ग ठरवताना दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन कोणती, आणि घड्याळात किती वाजले आहेत. किलोमीटरचा हिशेब त्यानंतरचा.

शंभर किलोमीटरांत दहापट पाऊस

इतक्या छोट्या टापूत जमीन इतकी बदलते याचे कारण पावसात आहे. नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीची महाराष्ट्रातली सर्वांत उंच रांग आहे. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वोच्च. पावसाळी ढग या भिंतीवर आदळतात आणि घाटघर, रतनवाडी या गावांवर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ओततात. तिथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला राहुरी आहे. इथल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरात पावसाची वार्षिक सरासरी 520 मिलिमीटरच्या आसपास भरते. उंचीही समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आगेमागे उतरलेली असते.

मुळा आणि प्रवरा या दोन्ही नद्या त्या ओल्या डोंगरात जन्मतात आणि या कोरड्या पठारावर येतात. नदीचे पाणी जिथे पोहोचले तिथे ऊस उभा राहिला. जिथे पोहोचले नाही तिथे माळ राहिला, आणि माळाच्या कडेला बालेश्वराच्या रांगेचे फाटे, टेकड्या, घाट. बागायत, माळ आणि डोंगर ही तीन रूपे राहुरीहून निघणाऱ्या तीन दिशांना भेटतात. सायकलस्वाराला प्रत्येक दिशेला वेगळा गियर, वेगळी वेळ आणि वेगळी सावधगिरी लागते.

बागायतीचा सपाट पट्टा

पहिली दिशा उत्तरेची: देवळाली प्रवरा, टाकळीमियाँ, मुसळवाडीचा तलाव. वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आतली ही गावे सपाट आणि चांगल्या जोडरस्त्यांनी बांधलेली आहेत. नवख्या सायकलस्वाराने पाय मोकळे करायला हाच भाग निवडावा. नगर-मनमाड महामार्ग मात्र टाळलेला बरा. त्यावर ट्रक, शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्या आणि पायी पालख्या यांची सतत दाटी असते.

सपाट रस्ता सोपा वाटतो, पण इथे खरा चढ वाऱ्याचा असतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा मोकळ्या पठारावर न अडता वाहतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलला समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा लागला, तर अंगावर येणारी हवा ताशी 40 किलोमीटरची होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो अडीच पटींहून जास्त होतो. म्हणून पावसाळ्यात जाताना पश्चिमेकडे आणि येताना पूर्वेकडे असा मार्ग आखावा. ताजे पाय वाऱ्याशी झुंजतात आणि दमलेल्या पायांना परतीला वारा मदत करतो.

या पट्ट्यातल्या जनावराची गोष्ट धरणापासून सुरू होते. प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी अवर्षणप्रवण भागात बारमाही पाणी आणले. 1950 मध्ये लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पाठोपाठ जिल्हाभर कारखाने झाले. उसाचे क्षेत्र वाढत गेले. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो, माणसाच्या उंचीच्या वर जातो, आत गारवा राहतो आणि कालव्याचे पाणी जवळ असते. बिबट्याला निवाऱ्यासाठी याहून जास्त काही लागत नाही.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि तो भाग प्रामुख्याने शेतीचा आहे. तरीही दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे आढळली. बिबटे खातात काय, हेही याच संशोधकांनी तपासले. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यातला 87 टक्के भाग पाळीव आणि गावाभोवतीच्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. शेळ्या संख्येने कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांवर थांबला, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रे मोकळे फिरते.

सायकलस्वारासाठी या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. बिबट्या वस्तीपासून दूर रानात दडलेला नसतो. अंधार पडला की कुत्र्यांच्या मागावर तो वस्त्यांकडे येतो, आणि येताना तुमच्याच रस्त्याने, चारीच्या कडेने, मोरीखालून येतो. दिवसा तो फडात झोपलेला असतो. एकच रस्ता सकाळी दहाला शाळेच्या मुलांचा असतो आणि रात्री दहाला बिबट्याचा.

गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, या वेळापत्रकात गडबड होते. तोड सुरू झाली की लपायची जागा रोज आक्रसते आणि बिबट्या एका फडातून दुसऱ्या फडात सरकतो. पाचट बाजूला करताना तोडकऱ्यांना बछडी सापडतात. वन विभागाचे कर्मचारी आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य अशा बछड्यांना तपासून रात्री त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेक वेळा आई येऊन त्यांना घेऊन जाते. अशा काळात मादी चिडखोर असते. तोड चालू असलेल्या फडाच्या कडेला सायकल लावून फोटो काढत बसू नये.

याच महिन्यांत दुसरा धोका चाकांवर येतो: दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्यांच्या रांगा, डांबरावर सांडलेल्या मोळ्या आणि चाकांनी रस्त्यावर आणलेला काळ्या मातीचा चिखल. ओला चिखल बारीक टायरला साबणासारखा निसरडा होतो. ट्रॉलीला ओलांडताना मागे ऊस किती बाहेर आला आहे हे पाहून मगच पुढे जावे. दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवावा.

धरण आणि माळ

दुसरी दिशा पश्चिमेची. राहुरीहून बारागाव नांदूरमार्गे मुळा धरण पंधरा किलोमीटरांच्या आत येते. सत्तरच्या दशकात पुरे झालेले हे मातीचे धरण 26 टीएमसी पाणी साठवते. जलाशयाला ज्ञानेश्वर सागर असे नाव आहे. धरणापर्यंतचा रस्ता हळूहळू चढतो, इतका हळू की डोळ्यांना कळत नाही आणि मांड्यांना कळतो.

नोव्हेंबरनंतर पाणी ओसरू लागते आणि फुगवट्याच्या काठाला गाळपेरा उघडा पडतो. तिथे चक्रवाक, तलवार बदके, शेकाटे आणि निरनिराळे बगळे चरताना दिसतात. सायकलला इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे जीपपेक्षा जवळून पक्षी दिसतात. थांबायचे असेल तर सायकल हळू करत नेऊन दूरच उभी करावी. अचानक ब्रेक लावून उतरणाऱ्या माणसाला पाहून थवा लगेच उठतो.

धरणाच्या पलीकडे आणि भोवती खरा माळ सुरू होतो. ताहाराबादकडे जाणारा रस्ता याच प्रदेशातून जातो. ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांचे कर्ते संतचरित्रकार महिपती (1715–1790) यांचे हे गाव. रस्ता टेकड्यांवरून वरखाली होतो, एकही चढ फार लांब नाही आणि सपाटीही फार वेळ टिकत नाही. अशा रस्त्यावर चढाच्या पायथ्यालाच गियर हलका करावा लागतो. अर्ध्या चढावर, पूर्ण जोर पडत असताना गियर बदलला की चेन उतरते.

माळ दिसायला रिकामा असतो. कुसळी गवत, हिवर, बोरी-बाभळी, मधेच एखादे लिंबाचे झाड. सरकारी नोंदीत अशा जमिनी बहुधा ‘पडीक’ म्हणून दाखवल्या जातात. प्रत्यक्षात चंडोल, माळटिटवी, धाविक, तित्तिर हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, आणि लांडगा, खोकड, ससा, घोरपड यांना हाच माळ लागतो. या अधिवासाचे मोल सरकारने ओळखले तेही याच जिल्ह्यात. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या माळांवर माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सुरुवातीचे क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होते आणि त्यात राहुरीला लागून असलेल्या नेवासे तालुक्याचाही भाग होता. पुढे हे क्षेत्र फार कमी झाले आणि माळढोकही इथून जवळजवळ नाहीसा झाला. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य 1980 चे. ते जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरांचे आहे, तरी तिथे काळविटांचे कळप टिकले.

माळावर सायकलस्वाराला लांडगा दिसलाच तर दूरून, पाठमोरा दिसतो. तो माणसाला टाळतो. जास्त संबंध येतो धनगरांच्या वाड्याशी. मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत असेल तर घंटा न वाजवता थांबावे. राखणीची कुत्री अंगावर आली तर पायंडल मारत पळू नये, कारण पळणारे चाक त्यांना आणखी चेकाळते. उतरावे, सायकल मधे ठेवावी, शांतपणे चालत पुढे जावे. धनगर हाक मारतो आणि कुत्री परततात.

माळरस्त्याची अजून एक देणगी म्हणजे बाभळीचा काटा. वेड्या बाभळीचे काटे साइडपट्टीवर वाऱ्याने येऊन पडतात. रेसिंगच्या 23 किंवा 25 मिलिमीटर टायरपेक्षा 28 ते 32 मिलिमीटरचा टायर इथे शहाणपणाचा. दोन ट्यूब आणि पंप सोबत नसतील तर ताहाराबादच्या रस्त्याला लागू नये.

वांबोरीचा घाट

तिसरी दिशा दक्षिणेची. कृषी विद्यापीठाच्या शेतांना वळसा घालून रस्ता वांबोरीला जातो. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे स्थानक आहे. वांबोरीनंतर जमीन अचानक उभी राहते आणि घाट चढून रस्ता डोंगरगणच्या पठारावर येतो. डोंगरगणची हिरवी दरी आणि तिथले रामेश्वराचे देवस्थान, जवळचा मांजरसुंबा किल्ला, गोरक्षनाथ गड ही सगळी एका दिवसाच्या फेरीत बसतात. धाडस असेल तर तसेच पुढे पिंपळगाव माळवीच्या तलावावरून नगर गाठता येते.

घाटात वारा फारसा महत्त्वाचा राहत नाही, तिथे वजन मोजले जाते. स्वार, सायकल आणि पाणी मिळून 80 किलो धरले, तर 100 मीटर उंची चढायला सुमारे 78 किलोजूल काम करावे लागते. आपले शरीर खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा पायंडलपर्यंत पोहोचवते, बाकीचा घाम आणि उष्णता होऊन जातो. म्हणजे त्या 100 मीटरसाठी सुमारे 75 किलोकॅलरी लागतात, एका मध्यम केळ्याहून कमी. घाटात दम लागतो तो अन्न संपल्यामुळे नव्हे, घाई केल्यामुळे. हलक्या गियरवर मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे राखणारा माणूस बोलत बोलत वर पोहोचतो.

उतरताना तेच 78 किलोजूल परत हिशेब मागतात. त्यातला काही भाग हवा खाते, उरलेला ब्रेकला गिळावा लागतो आणि रिम तापते. सतत ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी दमदार ब्रेक लावून सोडून द्यावा. आंधळ्या वळणावर घंटा वाजवावी, समोरच्या गाडीसाठी आणि रस्त्यावर बसलेल्या माकडांसाठीही. डोंगराच्या कपारींत राहणारा तरस रात्री बाहेर पडून मेलेल्या जनावरांवर जगतो. त्याच्याकडून सायकलस्वाराला धोका जवळजवळ नाही. उलट रात्री भरधाव गाड्यांखाली तोच मरतो.

दोन लांब मजला

राहुरीत तयार झालेले पाय दोन दिशांना लांब जाऊ शकतात. पूर्वेला सोनई, शनिशिंगणापूर, नेवासे करत गोदावरीपर्यंतचा रस्ता सपाट आहे. प्रवरासंगमाच्या पुढे जायकवाडीचा नाथसागर पसरतो. त्याचा 341 चौरस किलोमीटरांचा परिसर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. जलाशय उथळ असल्याने हिवाळ्यात रोहित पक्षी चिखलात चोच घालून उभे दिसतात. नेवासे-शेवगाव बाजूचे गावरस्ते काठाच्या जवळ नेतात.

पश्चिमेची मजल अवघड आणि अधिक देखणी. कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर अशी सुमारे 120 किलोमीटरांची वाट भंडारदऱ्याला पोहोचते. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जलाशयाभोवतीची फेरी करावी: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हा सगळा रस्ता 1986 मध्ये घोषित झालेल्या, 361 चौरस किलोमीटरांच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जातो. इथे मात्र वन विभागाचा नाका आहे आणि प्रवेशशुल्क भरावे लागते. भातखाचरे, दाट झाडी, साम्रदजवळची सांदण दरी, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि घाटघरचा कोकणकडा एकाच फेरीत येतात. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना कड्याखालच्या तलावातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते पुन्हा खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रीत. मेच्या शेवटी काजवे पाहायला इथे गाड्यांची झुंबड उडते. त्या रात्री सायकल घेऊन रस्त्यावर जाऊ नये. फेरीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

अशा लांब वाटा फक्त माणसेच चालतात असे नाही. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक प्रौढ नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. सुमारे महिनाभरात, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, तो शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. 2011 च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. महिनाभर माणसांच्या दाटीतून चालताना त्याने कुणालाही इजा केली नव्हती.

कोणती वेळ, कोणती दिशा

डिसेंबर-जानेवारीत राहुरीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्या दिवसांत साडेसातला निघून पाचपर्यंत परतणे हा उसाच्या पट्ट्यासाठी पक्का नियम असावा. मे महिन्यात ऊन चाळीस अंशांकडे जाते आणि पहाटे पाचला निघण्याचा मोह होतो. तेव्हा अंधारातला पहिला तास गावाजवळच्या रुंद, मोकळ्या, वर्दळीच्या रस्त्यावर काढावा आणि उजाडल्यावर बागायतीत शिरावे. संध्याकाळी माळावरून निघायला उशीर झाला तर उसातली जवळची वाट सोडून वस्त्यांवरून जाणारी लांबची वाट धरावी.

एकट्याने जायचे टाळावे. दिवा डांबरावर आणि साइडपट्टीवरही प्रकाश टाकेल असा लावावा. कातरवेळी फडाच्या कडेला वाकून पंक्चर काढत बसू नये, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा दिसू शकतो. सायकल ढकलत वस्तीपर्यंत जावे. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, सायकल आडवी धरावी, ताठ उभे राहून मोठ्याने बोलावे आणि तोंड न फिरवता मागे सरावे. जखमी जनावर किंवा बछडे दिसले तर हात न लावता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

या रस्त्यांना आता दोन साध्या गोष्टींची गरज आहे. उसाच्या पट्ट्यातल्या आणि घाटातल्या ज्या मोऱ्यांखालून जनावरे ये-जा करतात, तिथे गाड्यांचा वेग कमी करणारे फलक आणि गतिरोधक हवेत. आणि राहुरीची शाळा-महाविद्यालये, कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी आणि सायकलस्वार मिळून कुठे कोणते जनावर, कोणत्या वेळी दिसले किंवा रस्त्यावर मेलेले आढळले याची महिनावार नोंद ठेवू शकतात. सायकलचा वेग अशा नोंदीसाठी योग्य आहे, कारण स्वाराला रस्त्याकडेच्या मातीतला ठसाही दिसतो. दोन-तीन हंगामांची नोंद हाती आली, तर फलक नेमके कोणत्या मोरीवर लावायचे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.